डॉलरचा भाव नको, चुकारा विचारा

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी लावली की व्यापारी भाव सांगतो, पण घरी येतो तो चुकारा, म्हणजे सगळं कापून हातात पडणारे पैसे. मधे ओल आहे म्हणून कट्टी, म्हणजे कपात, मग हमाली, मग तोलाई. नागपूरला डॉलर घ्यायला गेले तेव्हा वाटलं होतं, हे काहीतरी मोठ्या लोकांचं वेगळंच काम असेल. तेच निघालं. फक्त कट्टीला तिथं सेवा शुल्क म्हणतात, आणि खुर्ची गादीची असते.

मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. बचत गटाचा हिशोब सतरा वर्षं माझ्याकडे आहे. कापसाचा दुसरा वेचा झाल्यावर आम्ही चौदा जणी श्रीलंकेला धम्मयात्रेला गेलो. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडीचं दंतधातू मंदिर. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. राहणं-खाणं यात्रेच्या पैशात होतं. वरखर्चाला प्रत्येकीने ३०० डॉलर धरले. पैशाचं काय ते सगळं माझ्या गळ्यात पडलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गावच्या बँकेत गेले. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी पैसे भरून न्यायचं कार्ड, म्हटल्यावर साहेबांनी मला केसीसीचा, म्हणजे किसान क्रेडिट कार्डाचा, फॉर्म काढून दिला. म्हणून सांगते, तालुक्याच्या शाखेत दिवस घालवू नका. फोनवर विचारा आणि सरळ जिल्ह्याच्या नाहीतर नागपूरच्या शाखेत जा. तुमचं केसीसीचं रुपे कार्डही बाहेर चालत नाही, ते घरीच ठेवा.

परवानाधारक दुकानातूनच डॉलर घ्या. रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो वाचा. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसाचा कागद मागतात. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून घेता येतात. ५० हजार किंवा त्याहून जास्त रुपयांचे घ्यायचे असतील तर रोख चालत नाही, खात्यातून द्यावे लागतात. पावती न देणारा कितीही गोड बोलला तरी तिथून उठा.

आता भावाची गोष्ट. तीन दुकानांना फोन केले आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला: "३०० डॉलर माझ्या हातात पडायला सगळं धरून किती रुपये द्यायचे?" आकडे समजायला सोपे म्हणून असे धरा. पहिला म्हणतो, डॉलर ८९ रुपये २० पैसे, वर काही नाही. दुसरा म्हणतो ८८ रुपये ६० पैसे, आणि ५०० रुपये सेवा शुल्क. ऐकताना दुसरा स्वस्त वाटतो. पहिल्याचे होतात २६,७६०, त्यावर जीएसटी साधारण ४८, म्हणजे २६,८०८. दुसऱ्याचे २६,५८०, त्यावर जीएसटी तेवढाच, शिवाय ५०० शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के म्हणजे ९०. झाले २७,२१८. भाव कमी असूनही ४१० रुपयांची कट्टी.

हा जीएसटी बघून घाबरू नका. तो सगळ्या रकमेवर १८ टक्के नसतो. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का धरतात आणि त्या एक टक्क्यावर १८ टक्के लावतात. कमीत कमी ४५ रुपये. आमच्या अध्यक्षबाई १८ टक्के ऐकूनच खुर्चीवरून उठल्या होत्या.

आणि हे काम विमानतळावर ठेवू नका. तिथं तुम्हाला दुसरीकडे जाता येत नाही हे समोरच्याला माहीत असतं. संध्याकाळी पाऊस दाटून आला आणि गाडी बाजारात उभी असली की व्यापारी जसा बोलतो, तसंच.

नोटा नव्या, न दुमडलेल्या, पेनाची रेघ नसलेल्या मागा. आपण साडीच्या पदरात गाठ मारून नोट ठेवतो, तसं डॉलरचं करू नका. चुरगळलेली नोट पुढं घ्यायला कुरकुर करतात. श्रीलंकेचा रुपया इथं शोधत बसू नका. डॉलर न्या आणि कोलंबोच्या विमानतळावरच्या बँकांच्या खिडक्यांवर बदला. म्हणजे आपल्याकडच्या विमानतळाचं जे सांगितलं त्याच्या उलट! खिडक्या ओळीनं आहेत, दोन-तीन भाव वाचून मग रांगेत लागा. पावती जपा, उरलेले रुपये परत डॉलर करायचे तर मागतात.

निघायच्या आदल्या रात्री बायांनी आपापले पैसे माझ्यापुढं आणून ठेवले. "तूच हिशोब ठेवतं नं वं, तुह्यापाशीच राहू दे सगळे." चौदा जणींचे ४,२०० डॉलर एका पर्समध्ये! गटाच्या पेटीची सवय, दुसरं काय. पण एका माणसाला एका प्रवासात रोख विदेशी नोटा बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, आणि प्रत्येकीची पावती तिच्याच पासपोर्टवर असते. नियम नसता तरी मी घेतले नसते. एक पर्स हरवली की चौदा घरं रडणार. रात्रभर बसून जुन्या परकराच्या कापडाच्या चौदा थैल्या शिवल्या, नाडी लावून परकराच्या आत बांधायच्या. १०० डॉलर थैलीत, १०० मोठ्या पिशवीच्या तळाशी, बाकीचे दिवसाच्या पर्समध्ये. आपले भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत बरोबर नेता-आणता येतात. परतल्यावर चेन्नईपासून सेवाग्रामपर्यंत लागतात, ते वेगळे बांधा.

फॉरेक्स कार्ड आम्ही घेतलं नाही. कार्डात पैसे भरताना भाव बांधला जातो, हे चांगलं आहे. युरोपात पोराकडे तीन महिने जायचं असेल तर युरोचं कार्ड मीही घेईन. पण आम्हाला दाखवलेल्या कार्डांत श्रीलंकेचा रुपया नव्हता. डॉलर भरायचे आणि तिथं रुपयात खर्च करायचा म्हटलं की पुन्हा बदलाची कट्टी, शिवाय कार्ड काढायचं शुल्क. ३०० डॉलरला ते परवडत नाही.

अडीअडचणीला नेहमीचं डेबिट नाहीतर क्रेडिट कार्ड असू द्या. २०२० पासून नव्या कार्डांचा परदेशी वापर बंदच असतो, तो अॅपमध्ये जाऊन सुरू करावा लागतो; मर्यादा कमी ठेवा आणि परत आल्यावर बंद करा. पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेची वरची कट्टी, आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे १० हजारांच्या खरेदीला ४१३ रुपये जास्त. एटीएमला दर वेळी वेगळं शुल्क, म्हणून थोडे थोडे काढू नका. ओटीपी यायला आपलं सिम रोमिंगवर चालू पाहिजे.

आता माझी चूक. कँडीत सुनेसाठी चहा आणि कापड घेतलं, तिथले १२,००० रुपये झाले. कार्ड लावल्यावर मशीनवर प्रश्न आला: भारतीय रुपयात की इथल्या रुपयात? दुकानातल्या पोरानं हसत भारतीय रुपयाचं बटण दाबलं, मलाही आपला रुपया बघून बरं वाटलं. घरी येऊन हिशोब लावला तर पावणेदोनशे रुपये उगीच गेले होते, वरून बँकेचा मार्कअप वेगळाच. मशीन असं विचारेल तेव्हा नेहमी त्या देशाचंच चलन निवडा, आणि बटण स्वतः दाबा. हिशोबनीस म्हणून मिरवणाऱ्या बाईनं हे जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.

यूपीआय तिथं २०२४ च्या फेब्रुवारीपासून चालतं, सगळीकडे नाही, काही दुकानांत. अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर घरूनच सुरू करा. पिन टाकायच्या आधी आपल्या रुपयात किती कटणार ते दिसतं. मला ते फार आवडलं. आधी चुकारा, मग सौदा.

परत आल्यावर डॉलर उरले तर घाई नको. २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी घरात ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत बँकेला नाहीतर परवानाधारक दुकानाला परत द्यायचे. विकताना भाव घेतानापेक्षा कमीच मिळतो, म्हणून मी माझे ४० डॉलर विकले नाहीत. पावतीसकट गटाच्या पेटीत आहेत, कर्जाच्या वहीखाली. तिथली नाणी मात्र कोणी बदलून देत नाही. आम्ही चौदा जणींनी कोलंबोच्या विमानतळावर ती सगळी एका ताटलीत गोळा केली आणि पाच चहा घेतले, चौदा जणींत.