रेस कारचा क्लच: रिलीज बेअरिंगच्या गॅपमध्ये या चुका टाळा

मोर्शी असो की उमरखेड, पऱ्हाटी उपटलेल्या वावरात सराव करणाऱ्या पोरांची गाडी शेवटी ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडेच उघडते. हात पक्का असतो, पण सवय ट्रॅक्टरची: पेडल दाबून फ्री प्ले (पेडलची ढिली चाल) पाहायचा आणि रॉड फिरवायचा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसणाऱ्या, तेलाच्या दाबाने सरकून क्लच सोडवणाऱ्या हायड्रॉलिक रिलीज बेअरिंगला हे चालत नाही. तिथला गॅप, म्हणजे बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या फिंगर (मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या) यांच्यातलं अंतर, पेडलवरून कळत नाही, गिअरबॉक्स चढवण्याआधी मोजावा लागतो.

नवी क्लच प्लेट आत ठेवून, तिला फ्लायव्हीलवर दाबणारी प्रेशर प्लेट पूर्ण टॉर्कला आवळा. इंजिनच्या मागच्या तोंडापासून फिंगरची टोकं किती बाहेर आलीत ते व्हर्नियरने मोजा. मग बेअरिंगचा पिस्टन पूर्ण मागे दाबून, बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं घर) तोंडापासून बेअरिंग किती आत आहे ते घ्या. समजा फिंगर ५८.९ बाहेर आणि बेअरिंग ६२.४ आत आलं, तर गॅप ३.५ मिमी. इंजिन आणि बेल हाउसिंगच्या मध्ये पत्र्याची प्लेट येत असेल तर ती लावूनच मोजा. बरेचजण इथेच फसतात. पुश टाइप (फिंगर आत ढकलून सुटणाऱ्या) रेस क्लचला साधारण २.५ ते ४ मिमी ठेवतात, पण क्लच बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच धरा.

"भाऊ, एक मिमी ठेवू, पेडल लवकर पकडेल," असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. प्लेट घासली की गॅप वाढत नाही, घटतो. फिंगर बेअरिंगकडे सरकतात, तेही घासाच्या तीन-चार पट. गॅप संपला की बेअरिंग सतत दाबून राहतं, आरपीएम चढतात आणि गाडी पळत नाही. मग प्लेटला शिव्या देत नवी प्लेट टाकली जाते. उलट गॅप फार मोठा असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर किरकिरतात.

लेथवर फ्लायव्हील घासून आणलं की माप नव्याने घ्यायचंच. सपाट फ्लायव्हील अर्धा मिमी घासलं तर गॅप तेवढा वाढतो. पायरीचं (प्लेटची जागा आणि प्रेशर प्लेट बसायची कड वेगळ्या उंचीवर) असेल आणि टर्नरने फक्त प्लेटची जागा घासली, तर फिंगर बाहेर येऊन गॅप घटतो. पायरीही तेवढीच उतरवायला सांगा.

गॅप जास्त असेल तर स्लेव्ह सिलिंडरच्या (बेअरिंग ढकलणारा सिलिंडर) बुडाशी शिम (पातळ चकती) द्या. कमी असेल तर शिम काढा. बेल हाउसिंगखाली वॉशर घालायचा जुगाड मात्र करू नका. शाफ्टचा सेंटर बिघडतो.

सकाळी ठीक आणि मे महिन्याच्या दुपारी क्लच घसरतो? पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा पुशरॉड बघा. त्याला थोडी ढिलाई नसेल तर तेल परतीचं भोक बंद राहतं, तापलेलं तेल फुगून बेअरिंग पुढे ढकलतं.

रस्त्यावरच्या बऱ्याच हायड्रॉलिक गाड्यांत बेअरिंग फिंगरला टेकलेलंच असतं. तिथे हा गॅप शोधत बसू नका.