मंगळवारी सकाळी अकराला तुमचं मूल मोकळं आहे ना? मग मुंबईत त्याच्यासाठी काम आहे

होमस्कूलिंग करतोय, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतोय म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलं माणसांत मिसळणार कधी? आमच्या घरात तेरा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. दोघं आठवड्यातले काही तास लोकांसाठी काम करतात आणि माणसांत मिसळणं त्यातच होऊन जातं. परळ-दादर भागातल्या बऱ्याच पालकांनी याबद्दल विचारलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहिते.

सर्वात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. रविवारी सेवा करायला अख्खी मुंबई मोकळी असते. कॉलेजचे एनएसएसवाले येतात, कंपन्यांचे गट येतात, वाढदिवस साजरे करणारी कुटुंबं येतात. संस्थांना त्या दिवशी माणसं आवरत नाहीत आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता फोन उचलायलाही कुणी नसतं. आपल्या मुलांकडे नेमका तोच वेळ आहे. म्हणून ‘कधीही येऊ’ असं मोघम बोलू नका. एक वार आणि एक वेळ ठरवा, निदान तीन महिन्यांचा शब्द द्या आणि तो पाळा. प्रवासाच्या दृष्टीनेही ही वेळ सोयीची आहे. साडेदहानंतर लोकलची गर्दी ओसरते आणि चारच्या आत घरी परतता येतं.

फोन मुलानेच करावा, असं माझं ठाम मत आहे. आपण शेजारी बसायचं, पण बोलायचं त्याने. माझ्या लेकीने कागदावर लिहून ठेवलेलं वाक्य जसंच्या तसं देते: “नमस्कार, मी तेरा वर्षांची आहे, परळला राहते. माझा अभ्यास घरी असतो, त्यामुळे दर मंगळवारी अकरा ते एक मी मोकळी असते. तीन महिने नियमित येईन, सोबत आई असेल. माझ्याजोगं काही काम आहे का?” यात वय, वेळ, मुदत आणि सोबत कोण हे सगळं आलं. समोरच्याला पुढे फार काही विचारावंच लागत नाही. अनेक ठिकाणी अठराची अट असते. तिथे हुज्जत घालू नका, आभार मानून पुढचा नंबर लावा.

सुरुवात वाचनालयापासून करा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं आहे आणि त्याच्या शाखा शहरभर आहेत. शिवाय वॉर्डावॉर्डात छोटी सार्वजनिक वाचनालयं आहेत. परत आलेली पुस्तकं क्रमांकाप्रमाणे लावणं, फाटलेल्या कव्हरला कागद चढवणं, धूळ पुसणं, दिवाळी अंक वर्षानुसार वेगळे करणं ही कामं दहा वर्षांचं मूलही जबाबदारीने करतं. ग्रंथपालांना आधी जाऊन भेटा आणि मुलाला अर्धा तास नुसतं बघू द्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे वाचून दाखवणं. आमच्या जवळच्या चाळीत एक आजोबा आहेत, त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत. लेक त्यांना पेपर वाचून दाखवते. क्रम त्यांचाच असतो: आधी निधनवार्ता, मग अग्रलेख, मग क्रिकेट. सुरुवातीला ती अग्रलेख धावत वाचायची. आजोबा हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, “पोरी, पूर्णविराम आला की श्वास घे, मला विचार करायला वेळ लागतो.” आता ती थांबते. मधल्या वेळात आजोबा गिरणीतल्या पाळ्यांचं, भोंग्याचं, १९८२ च्या संपाचं सांगतात. तो संप कधी मिटलाच नाही, म्हणजे काय झालं, हे तिला त्या खोलीत बसून कळलं. असे आजी-आजोबा तुमच्याही इमारतीत आहेत. त्यांच्या घरच्यांशी बोला. दार उघडं ठेवा आणि एक मोठं माणूस कायम हजर असू द्या. औषधं देणं, पैसे मोजणं, बँकेचे कागद चाळणं ही कामं मुलांकडे येता कामा नयेत.

मूल मोठं असेल आणि अक्षर चांगलं असेल, तर अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणं किंवा परीक्षेत लेखनिक म्हणून बसणं हेही आहे. उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्या लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी हवं, अशी अट असते. म्हणजे शिक्षणाचा कागद मागितला जाणार. त्यामुळे एनआयओएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयात, नाव घातलेल्या मुलांना हे सोपं जातं. दहावीसाठी तिथे किमान वय चौदा आहे. ज्यांचं नाव अजून कुठेच नाही, त्यांनी ध्वनिमुद्रणाचं काम घ्यावं. आकृती आली तर ‘बाजूची आकृती पाहा’ एवढ्यावर भागत नाही, आकृतीत काय आहे ते शब्दांत सांगावं लागतं. शास्त्राचा अभ्यास यापेक्षा चांगला होईल असं मला वाटत नाही.

धाकट्याला एका जागी बसवत नाही, त्याला समुद्र लागतो. अफरोज शाह यांनी २०१५ साली वर्सोव्याला किनारा साफ करायला सुरुवात केली, तेव्हापासून मुंबईत बऱ्याच किनाऱ्यांवर असे गट उभे राहिलेत. जाड हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय मुलाला उतरवू नका, कारण काचा आणि सुयाही निघतात. पावसाळ्यात लहान मुलांना मी नेतच नाही. जुहू-गिरगावला जेलीफिशसारखे दिसणारे निळे ब्लूबॉटल वाहून येतात, त्यांचा डंख फार झोंबतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टोच्या तापाची भीती असते. महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे इशारे देते, ते दिवस तर टाळायचेच.

कचरा उचलण्याइतकंच किनाऱ्यावर मोजण्याचंही काम असतं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक २०१७ पासून ओहोटीच्या वेळी शहराच्या किनाऱ्यांवरचे जीव दाखवतात आणि त्यांची नोंद करतात. आपणही फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकू शकतो, लहान मुलांच्या नोंदी पालकांच्या खात्यावरून कराव्यात. ओहोटीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब मुलाला शिकवा: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. समुद्र सगळ्यात मागे हटतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. शाळेच्या मुलांना ती पहाट जमत नाही, आपल्या मुलांना जमते. निघण्यापूर्वी छापील वेळापत्रकाशी ताडून बघाच. धाकटा आता घरीच कॅलेंडर काढून बसतो आणि मला वार सांगतो. पाऊणपटीचं गणित त्याचं असं पक्कं झालं.

फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. गच्चीतून पंधरा मिनिटं पक्षी मोजले तरी ती नोंद धरतात. ज्याला घराबाहेर पडणं शक्य नाही, त्याच्यासाठी मराठी विकिस्रोत हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं समोर ठेवून मजकूर तपासायचा. तपासलेलं पान पिवळं होतं आणि दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. शुद्धलेखनाची वही बंद करून मी लेकीला हेच काम दिलं आहे.

सणांचे दिवसही लक्षात ठेवा. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत पाणी द्यायला हात लागतात. गणपतीत दीड, पाच, सात दिवसांच्या विसर्जनाला निर्माल्य वेगळं करायला माणसं कमी पडतात. प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, दोरा बाजूला काढायचा आणि फुलं-दूर्वा कलशात टाकायच्या. अनंत चतुर्दशीची गर्दी मात्र मुलांसाठी नाही.

एका गोष्टीला माझा ठाम नकार आहे: अनाथाश्रमात केक घेऊन एक दिवस जाणं. तिथली मुलं ही आपल्या मुलांना दाखवायची गोष्ट नाही. त्यांचे फोटो काढून टाकणं तर कायद्यानेही गुन्हा आहे, बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये त्यांची ओळख उघड करण्यावर बंदी आहे.

कागदांचं थोडक्यात. शाळेचं ओळखपत्र नसतं, म्हणून आधारची प्रत, पालकांचं संमतीपत्र आणि दोन फोन नंबर एका फोल्डरमध्ये ठेवा. एक साधी वही करा: तारीख, वेळ, काय केलं, कुणाची सही. पुढे प्रवेशाच्या वेळी तासांचं पत्र लागलं तर संस्था याच वहीवरून देतात. सही मागायला लाजू नका, पण पहिल्याच भेटीत प्रमाणपत्राचा विषयही काढू नका.

आणि काम सोडायचं झालं, म्हणजे परीक्षा आली किंवा घर बदललं, तर निदान पंधरा दिवस आधी मुलाने स्वतः जाऊन सांगावं. शक्य असेल तर ओळखीतलं दुसरं मूल सोबत न्यावं, त्याला कामाची पद्धत दाखवावी आणि दोन-तीन मंगळवार दोघांनी मिळून काम करावं.