धुण्याच्या सोड्याचे गठ्ठे असे थांबले

कागदी पिशवीतल्या धुण्याच्या सोड्याचे दगडासारखे गठ्ठे होत होते. हवेतली ओल तो शोषून घेतो, हेच कारण. आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते, चमचाही कोरडाच घालते. ॲल्युमिनियमचा डबा मात्र अजिबात नको. ओलसर सोडा तो धातू खातो, डबा काळा पडतो. डब्यावर ठळक नाव लिहिलंय, कारण दिसायला खाण्याच्या सोड्यासारखाच, पण कितीतरी तीव्र: द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप, ७ म्हणजे मध्यम) ११च्या आसपास. स्वयंपाकघरात तर तो ठेवूच नये. जुने गठ्ठे हातमोजे घालून कोमट पाण्यात विरघळवले आणि वापरले. कोरडे फोडले तर पूड डोळ्यांत उडते, फार झोंबते. गेलीच तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळे धुवायचे आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचं.