शिफ्टचा बोर्ड आणि खिशातली डायरी

डिप्लोमा करून जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या एमआयडीसीतल्या प्लास्टिक पाइपच्या कारखान्यांत ट्रेनी म्हणून लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक्स्ट्रूडर (बॅरलमधल्या स्क्रूनं माल वितळवत पुढे ढकलणारं मशीन), डाय (पाइपला आकार देणारा साचा), व्हॅक्यूम टँक हे कॉलेजात झालेलं असतं. झालं नसेल तरी महिन्याभरात हाताखालून जातं. एका लाइनवर तीन शिफ्ट चालतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत, हे मात्र कोणी शिकवत नाही.

मी लागलो तो पीव्हीसी पाइपचा कारखाना. गेटवर फ्लेक्स होता, ‘शिकत राहू, एकत्र वाढू’ वगैरे. आत पांढरा बोर्ड : शिफ्टवार उत्पादन, शिफ्टवार स्क्रॅप आणि महिन्याअखेर पहिली येणाऱ्या शिफ्टला बक्षीस. फ्लेक्स माणूस रुजू होताना वाचतो, बोर्ड रोज वाचतो. कारखान्याला तुमच्याकडून खरं काय हवंय ते बोर्डावरच लिहिलेलं असतं.

मी जिथे अडकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हीही तिथेच अडकणार आहात. पीव्हीसीला फार वेळ उष्णता सोसत नाही. लाइट गेली, स्क्रू थांबला की बॅरल आणि डायमधला माल जागेवरच भाजत राहतो. नाकाला झोंबणारा वास येतो, तो हायड्रोजन क्लोराइडचा. माल आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग काळा. लाइट आल्यावर जळका माल पूर्ण बाहेर काढावा लागतो. बऱ्याचदा डाय उघडून पितळी पट्टीनं खरवडावी लागते. (लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर आत घालू नका. डायला ओरखडा पडला की प्रत्येक पाइपवर रेघ उमटते.) या सगळ्यात वेळ जातो, माल जातो, आणि ते स्क्रॅप चढतं ज्या शिफ्टनं साफसफाई केली तिच्या नावावर.

आता दुसरी शिफ्ट अकराला सुटणार आणि लाइट सव्वादहाला आली, तर काय होईल? वरवर माल काढायचा, पाइप बरा दिसायला लागला की लॉगबुकात ‘मशीन ओके’ लिहायचं आणि निघायचं. डायच्या कोपऱ्यात चिकटलेला जळका माल तासाभरानं सुटायला लागतो. तोवर तिसरी शिफ्ट उभी असते. तपकिरी रेघांचे पाइप तिच्या नावावर.

तिसरी शिफ्ट यातून शिकते, पण काय शिकते? आपल्याला कळलेलं आपल्यापाशीच ठेवायला. आमचंच बघा. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास. कूलिंग टॉवरचं पाणी कोमट, पाइप धड गार होत नाही आणि पाइप ओढणाऱ्या हॉल-ऑफच्या पकडीत लंबगोल होतो. आमच्या शिफ्टनं लाइनचा वेग आणि तापमानं यांचा मेळ घालून त्यावर तोड काढली होती. ती लॉगबुकात नव्हती, शिफ्ट इनचार्जच्या खिशातल्या डायरीत होती. मला दाखवली तेव्हा म्हणाले, “कोनले सांगू नको भाऊ, हाई आपली शिफ्टनी गोष्ट शे.”

मला भारी वाटलं होतं. नवीन पोराला डायरी दाखवली म्हणजे घरात घेतलं. हा सापळा आपुलकीनं जवळ येतो, म्हणून ओळखू येत नाही. आमच्या शिफ्टची एकी तुटणारी नव्हती. एकाच्या घरी कोणी आजारी असेल तर चौघं पाळी वाटून घेत. पण ती एकी उरलेल्या दोन शिफ्टच्या विरोधात होती. समान ध्येय म्हणून साहेब ज्याचं कौतुक करायचे, ते बघायला गेलं तर तीन टोळ्या होत्या.

ग्रोथ माइंडसेट, म्हणजे क्षमता शिकून वाढवता येते, ही कल्पना मांडणाऱ्या स्टॅनफर्डच्या कॅरल ड्वेक यांनीच नंतर बजावलं, की नुसती मेहनतीची शाबासकी म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे. आमच्याकडे शाबासक्यांना तोटा नव्हता. त्याहून उपयोगाचं सापडलं ते हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या 1990 च्या दशकातल्या रुग्णालयांच्या अभ्यासात. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. तिथली माणसं चुका उघडपणे सांगत होती, हे त्यामागचं कारण. म्हणजे ज्या शिफ्टचं लॉगबुक महिनाभर ‘ओके, ओके’ म्हणतंय, तिच्यापासून सावध राहा. कौतुक नंतर.

आमच्याकडे गाडी हलली ती एका तुटक्या पाइपमुळे. यावलकडच्या केळीच्या बागेतून तक्रार आली, सोबत फुटलेला तुकडा. चीर तपकिरी रेघेवरूनच गेली होती. सगळ्यांनी आधी पाइपवरचा बॅच नंबर शोधला : कोणाची शिफ्ट? तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टचा हेल्पर म्हणाला, “बाग माझ्या मामाची आहे. पाइप मीच घ्यायला लावला होता.” उन्हाळ्यात केळीचं पाणी तुटलं तर काय होतं हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. निम्म्या लोकांच्या घरी केळी नाहीतर कपाशी.

त्यानंतर मेंटेनन्सचे नाना साहेबांच्या मागे लागले, की लाइट गेल्यावरचं स्क्रॅप शिफ्टच्या नावावर टाकू नका, ‘वीज’ नावाच्या वेगळ्या रकान्यात टाका. साहेबांनी कुरकुरत मान्य केलं. एवढ्या एका रकान्यानं जे झालं ते कुठल्या मोटिव्हेशन शिबिरानं झालं नसतं. (टाळ्या वाजवायला लावून, डोळे मिटायला लावून जाणाऱ्या ट्रेनरविषयी माझं मत छापण्याजोगं नाही.) खरं लिहिलं तरी स्क्रॅप अंगावर येत नाही म्हटल्यावर लोक खरं लिहायला लागले. पुढे चार्ज देताना दोन्ही ऑपरेटर डायपाशी उभे राहून बोलायचे, तेही नानांनीच सुरू केलं.

तुम्ही ट्रेनी आहात, बोर्ड बदलणं तुमच्या हातात नाही. पहिल्याच आठवड्यात कोणाची डायरी चव्हाट्यावर मांडायला जाऊ नका, तुमचंच भरीत होईल. पण लॉगबुकात तुमच्या हातून खोटं ‘ओके’ लिहू नका. काय झालं ते एका ओळीत लिहा. बोलणी बसतील. बसू द्या, दोन महिन्यांत तुमची नोंद शोधत लोक येतात. आणि दुसऱ्याच्या डायरीतले आकडे तोंडपाठ करून उस्ताद होता येत नाही. शेजारच्या मशीनवर तेच आकडे चालत नाहीत. गुरू धरायचा तर गोड बोलणारा नको. “मला नाही माहीत, उघडून बघू” म्हणणारा धरा. असा माणूस प्रत्येक कारखान्यात एक तरी असतो, बहुधा मेंटेनन्सला.

आणखी एक. आपल्या शिफ्टच्या पंधरा मिनिटं आधी पोचून सुटणाऱ्या शिफ्टबरोबर चहा घ्या. लॉगबुकात नसलेलं निम्मं तिथे कळतं. याचे पैसे कोणी देत नाही, आणि अमळनेर-पारोळ्याहून येणाऱ्यासाठी बस काही लवकर सुटत नाही. रोज नाही तर आठवड्यातून दोनदा जमवा.