एकच रंग, दोन ब्राउझर, दोन शेड: टेक्स्टचा कलर नेमका कुठे बदलतो ते कसं शोधायचं

तुमच्या वेबपेजचं टेक्स्ट क्रोममध्ये नीट गडद दिसतंय, फायरफॉक्समध्ये फिकं आणि आयफोनवर तर तिसरंच काहीतरी, असं झालं की पहिला मोह होतो तो हेक्स कोड (रंगाचा सहा अक्षरी आकडा) बदलत बसायचा. तो आवरा. आधी एकच गोष्ट शोधायची, दोन्ही ब्राउझरनी रंगाचा आकडा वेगळा धरलाय की आकडा तोच धरून फक्त रंगवताना फरक पडतोय. हे कळेपर्यंत सीएसएसला, म्हणजे पेजच्या रंगरूपाच्या कोडला, हात लावायचा नाही, कारण दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. (प्रॉपर्टींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये अर्थात इंग्रजीतच टाका.)

त्याच्याही आधी दोन्ही ब्राउझरमध्ये पेज प्रायव्हेट विंडोत उघडा. हसू नका, मी एकदा दीड तास एका करड्या रंगाशी झगडत होतो आणि शेवटी कळलं की माझ्याच ब्राउझरमध्ये पेज डार्क करणारं एक्स्टेंशन चालू होतं. प्रायव्हेट विंडोत एक्स्टेंशन्स सहसा बंद असतात आणि जुनी कॅश फाइलही आड येत नाही.

आता टेक्स्टवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि कॉम्प्युटेड टॅब (ब्राउझरने शेवटी धरलेल्या किमती इथे दिसतात). तिथे तीन गोष्टी बघायच्या, एकट्या कलरवर थांबायचं नाही: कलर, ऑपॅसिटी (अपारदर्शकता) आणि वेबकिट-टेक्स्ट-फिल-कलर (अक्षरांत भरायचा रंग). एकीकडे हेक्स आणि दुसरीकडे आरजीबी दिसत असेल तर रंगाच्या चौकोनावर शिफ्ट दाबून क्लिक केलं की फॉरमॅट बदलतो. ऑपॅसिटी बघताना वरच्या पेरेंट एलिमेंटचीही (ज्याच्या आत हे टेक्स्ट बसलंय) बघा, ती खाली झिरपते पण खालच्या एलिमेंटच्या कॉम्प्युटेडमध्ये दिसत नाही.

आकडे वेगळे निघाले तर बहुतेक वेळा गुन्हेगार फॉर्म असतो. इनपुट, बटन, सिलेक्ट, टेक्स्टएरिया ही मंडळी बॉडीचा रंग घेतच नाहीत, प्रत्येक ब्राउझर स्वतःची डिफॉल्ट स्टाइल लावतो. आयओएस १५ पासून आयफोनवर बटनाची अक्षरं निळी दिसतात ती यामुळेच, तुम्ही कुठेही निळा लिहिलेला नसतो. या चौघांना कलर: इनहेरिट (वरच्याचाच रंग घे) द्या, अर्धी कटकट तिथेच संपते. प्लेसहोल्डर (रिकाम्या फील्डमधली सूचना) मात्र वेगळा हाताळावा लागतो. क्रोम त्याला थेट करडा रंग देतो आणि फायरफॉक्स त्याची ऑपॅसिटी कमी करत आलाय, त्यामुळे तुम्ही नुसता कलर दिलात तर क्रोममध्ये तो जसाच्या तसा येतो आणि फायरफॉक्समध्ये तोच धुतल्यासारखा. कलरसोबत ऑपॅसिटी: १ लिहा, झालं.

डिसेबल्ड (बंद ठेवलेलं) फील्ड आयफोनवर सगळ्यात जास्त फसवतं. सफारी तिथे स्वतःहून ऑपॅसिटी ०.४ करतो, आणि वेबकिट-टेक्स्ट-फिल-कलर सेट असेल तर कलर प्रॉपर्टी अक्षरांच्या बाबतीत बिनकामाची ठरते, तुम्ही इम्पॉर्टंट लावून लावून थकाल. म्हणून डिसेबल्ड सिलेक्टरमध्ये वेबकिट-टेक्स्ट-फिल-कलरला तुमचा रंग आणि ऑपॅसिटी: १ असं दोन्ही द्यायचं. आणि हो, आयफोनवर क्रोम टाकून तपासलं म्हणून क्रोम तपासला असं होत नाही, युरोपियन युनियन आणि जपानमधली सवलत सोडली तर आयफोनवरचे सगळे ब्राउझर आतून वेबकिटच (सफारीचं इंजिन) असतात. ऑटोफिलचंही हेच औषध: क्रोमने सेव्ह केलेलं नाव भरलं की त्या फील्डचा रंग तुमच्या कलरला जुमानत नाही, वेबकिट-ऑटोफिल सिलेक्टरवर टेक्स्ट-फिल-कलर लावा, मागचा रंगही हवा असेल तर इनसेट बॉक्स-शॅडोचा भलामोठा स्प्रेड.

फोन नंबर आयफोनवर आपोआप लिंक होऊन रंग बदलत असेल तर फॉरमॅट-डिटेक्शनचा मेटा टॅग, टेलिफोन=नो. लिंकचा विषय निघालाच आहे तर, एका ब्राउझरमध्ये जांभळी आणि दुसऱ्यात निळी लिंक म्हणजे बग नसतो, एकात तुम्ही ती आधी उघडलेली असते. व्हिजिटेड (उघडलेल्या) लिंकचा रंग स्वतः ठरवून टाका. पण जावास्क्रिप्टने तो तपासायला जाऊ नका, ब्राउझर मुद्दाम न उघडलेल्या लिंकचाच रंग सांगतो, नाहीतर कुठलीही साइट तुमची हिस्टरी चाचपत बसली असती.

नवीन कलर फंक्शन वापरत असाल, म्हणजे ओकेएलसीएच वगैरे, तर जुन्या ब्राउझरसाठी आधीच्या ओळीत साधा हेक्स आणि खालच्या ओळीत नवा रंग, ही पद्धत चालते कारण न कळलेली ओळ ब्राउझर सरळ टाकून देतो. पण रंग व्हेरिएबलमध्ये ठेवला की हीच युक्ती तोंडावर पाडते! व्हेरिएबल वापरलेली ओळ ब्राउझर आधी स्वीकारून बसतो, वरचा हेक्स तोपर्यंत बाद झालेला असतो, आणि आतली किंमत कळली नाही की टेक्स्ट पेरेंटचा रंग घेतं. तिथे व्हेरिएबलमध्ये डिफॉल्ट हेक्सच ठेवायचा आणि नवा रंग ॲट-सपोर्ट्सच्या (ब्राउझरला कळत असेल तरच लागू होणारा भाग) आत.

डार्क मोडमध्ये गोंधळ असेल तर बघा, तुम्ही फक्त टेक्स्टचा रंग दिलाय आणि बॅकग्राउंड ब्राउझरवर सोडलाय का. दोन्ही जोडीनेच द्या, आणि रूटवर (पेजच्या सगळ्यात वरच्या एलिमेंटवर) कलर-स्कीम, म्हणजे लाइट की डार्क ते, सांगा. साइटला डार्क थीम नसेल आणि अँड्रॉइडवरचा एखादा ब्राउझर स्वतःहून रंग उलटवत असेल तर कलर-स्कीम: ओन्ली लाइट करून बघा, सगळेच ऐकतील असं नाही.

आता दुसरी बाजू, तिन्ही आकडे तेच आहेत आणि तरी डोळ्याला फरक दिसतोय. माझी सवय अशी की टेक्स्टच्या शेजारी त्याच रंगाचा शंभर पिक्सेलचा भरीव चौकोन काढायचा. चौकोन दोन्हीकडे सारखा आणि अक्षरं वेगळी, तर ते फॉन्ट स्मूदिंग, म्हणजे अक्षरांच्या कडा मऊ करणं, आहे. बारीक अक्षराच्या कडा बॅकग्राउंडमध्ये मिसळतात, म्हणून तोच करडा एकीकडे फिका वाटतो, आणि विंडोजवर त्याच्या क्लिअरटाइप स्मूदिंगमुळे झूम केल्यावर कडेला लालसर-निळसर किनारही दिसते. म्हणूनच स्क्रीनशॉट काढून अक्षरावर कलर पिकर लावण्यात अर्थ नाही, प्रत्येक पिक्सेल वेगळं उत्तर देतो. वेबकिट-फॉन्ट-स्मूदिंग आणि फायरफॉक्सची मॉझ-ओएसएक्स वाली बहीण या फक्त मॅकवर चालतात, विंडोजवर त्यांचा शून्य उपयोग. त्यापेक्षा फॉन्ट वेट एक पायरी वाढवा आणि रंग थोडा गडद घ्या. पांढऱ्यावर ७६७६७६ हा करडा ४.५ च्या कॉन्ट्रास्टमध्ये (नीट वाचता यावं म्हणूनचं किमान प्रमाण) जेमतेम बसतो, ७७७७७७ बसत नाही, तर असा काठावरचा रंग बारीक अक्षराला देऊच नका.

चौकोनही वेगळा दिसला तर तो कलर प्रोफाइलचा (स्क्रीन रंग कसे दाखवते त्याची नोंद) मामला. आधी दोन्ही विंडो एकाच मॉनिटरवर आणा, एक लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणि एक बाहेरच्या मॉनिटरवर ठेवून तुलना करणारे लोक मी पाहिलेत. तरी फरक राहिला तर क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये (प्रायोगिक सेटिंग्ज) फोर्स कलर प्रोफाइल आहे, ते एसआरजीबी (वेबचा नेहमीचा रंगसंच) करून ब्राउझर रीस्टार्ट करा. फरक गेला तर सीएसएसची फाइल मिटवून ठेवा, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, आणि तो फ्लॅग आठवणीने परत डिफॉल्टवर न्या.