शेक टेबलवर इमारतीचं मॉडेल हलवताना या चुका टाळा

शेक टेबल म्हणजे भूकंपासारखे धक्के देणारं चाचणीचं टेबल. त्यावरचं मॉडेल एकदा तडकलं की पहिल्यासारखं होत नाही. कित्येक आठवडे खपून उभं केलेलं काम काही सेकंदांत संपतं आणि हाती आलेली आकडेवारी वापरता येत नाही, याची फार हळहळ वाटते. चूक बहुधा टेबल सुरू होण्याआधीच झालेली असते.

सगळ्यात मोठी गफलत वजनाची. मापं एक चतुर्थांश केली आणि काँक्रीट तेच ठेवलं, तर मॉडेलचं वजन मूळ इमारतीच्या ६४व्या हिश्श्यावर येतं. गुरुत्वाकर्षण मात्र तेवढंच राहतं. खांबांच्या छेदाचं क्षेत्रफळ १६व्या हिश्श्यावर येतं, म्हणून खांबांवर मूळ इमारतीइतकाच ताण यायचा तर वजनही १६वा हिस्सा हवं. म्हणजे मॉडेलच्या स्वतःच्या वजनाच्या तिप्पट शिसं किंवा पोलादी ठोकळे मजल्यांवर चढवावे लागतात. ते नुसते ठेवू नका, बोल्टने आवळा. सुटे ठोकळे खडखडले की त्वरणाच्या आलेखात भलतीच टोकं उमटतात. मोठा ठोकळा सपाट चिकटवला तर उलट स्लॅबच ताठर होतो, म्हणून ठोकळे लहान घ्या आणि खाली वॉशर द्या. वजन एका बाजूला झुकलं तर मॉडेल पिळवटतं आणि दोष आराखड्याला लागतो.

वेळेचं गणितही इथेच चुकतं. याच प्रमाणात वेळ निम्मी होते. १९४०च्या एल सेंट्रो भूकंपाच्या नोंदीतले ३० सेकंद १५ सेकंदांत चालवायचे. त्वरण तेच, विस्थापन एक चतुर्थांश. नोंद जशीच्या तशी चालवली, तर भूकंपाचा जोर मॉडेलच्या नैसर्गिक वारंवारतेपासून, म्हणजे ते स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा डोलतं त्यापासून, दूर पडतो.

मॉडेल संशयास्पद मजबूत निघालं? आधी टेबलवर मोजलेलं त्वरण बघा. दिलेला आदेश आणि टेबलची प्रत्यक्ष हालचाल यांत फरक पडतोच, मॉडेल जड असेल तर जास्तच. टेबलची जुळणी तेवढ्याच वजनाचा डमी ठेवून करा, खऱ्या मॉडेलवर नको.

थेट मोठ्या धक्क्यावर उडी मारू नका. प्रत्येक टप्प्यानंतर हलका व्हाइट नॉइज (सगळ्या वारंवारता मिसळलेली अनियमित थरथर) देऊन मॉडेलची वारंवारता मोजा. ती १० हर्ट्झवरून ७वर आली, तर ताठरता जवळपास निम्मी झाली, भेगा दिसोत वा न दिसोत.

मॉडेल कोसळलं तर धरायला वरून साखळ्या बांधतात. त्यांना ढील द्या. ताणलेली साखळी मॉडेललाच आधार देते.