मेपोलचा गोफ: विणावा कसा, उलगडावा कसा

इंग्लंडमधील गावांत आणि प्राथमिक शाळांत मे महिन्याच्या आरंभी उंच खांबाला बांधलेल्या रंगीत फिती धरून मेपोलचा नाच केला जातो. खांबाभोवती फेर धरण्याची चाल जुनी असली, तरी फिती विणण्याचा प्रकार शाळांत रुजला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस; लंडनच्या व्हाइटलँड्स कॉलेजात लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या प्रेरणेने 1881 मध्ये मे-राणीचा उत्सव सुरू झाला आणि तेथे शिकलेल्या शिक्षिकांमुळे हा नाच पसरला. गोव्यात शिगम्याला काणकोणकडचा गोफ, म्हणजे दोऱ्यांची वीण घालत केलेला नाच, ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातली युक्ती ओळखीची वाटेल.

खांब 10 ते 12 फूट उंच असावा. तो पुरता येत नसेल, तर त्याला जड बैठक लावावी आणि नाच चालू असताना तिच्यावर दोन-तीन मुलांना बसवावे. तेथील शाळांची ही पद्धत साधी, पण भरवशाची आहे. फिती खांबाच्या उंचीहून 2-3 फूट लांब ठेवून माथ्याशी समान अंतरावर पक्क्या कराव्यात. नाचणाऱ्यांची संख्या सम हवी.

सर्वांना एकाच दिशेने फिरवले, तर खांबावर नुसते पट्टे उमटतात. नवशिक्यांनी आधी तेच करावे. गोफासाठी मात्र एकाआड एक मुलाने उलट दिशेला तोंड करावे आणि फीत खांबाकडच्या हातात ताठ धरावी. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्यांनी समोरच्या पहिल्या गड्याला बाहेरून ओलांडावे, म्हणजे हात उंचावून आपली फीत त्याच्या डोक्यावरून न्यावी. दुसऱ्या गड्याच्या वेळी आतून, वाकून जावे, आणि हाच क्रम पुढे चालू ठेवावा. उलट दिशेच्या मुलांचा क्रम त्यामुळे आपोआप जुळतो. घाई करणाऱ्या एका मुलामुळे सगळी वीण तिरकी होते, म्हणून पावले तालावरच पडली पाहिजेत.

खरी कसोटी उलगडताना लागते. फिती आखूड होऊन रिंगण खांबाजवळ आले की सर्वांनी एकदम थांबावे आणि शेवटच्या गड्याला आपण आतून ओलांडले की बाहेरून, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगावे. मग जागीच वळून, जो शेवटी बाहेरून गेला होता त्याने परततानाही आधी बाहेरूनच जावे. येथे एकाची जरी चूक झाली, तरी गाठ बसते. अशा वेळी फिती ओढू नयेत, तर सर्वांना थांबवून त्या जोडीलाच एक पाऊल मागे न्यावे.